नानांची तीस नॉट

बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून मी एकतीस वर्षं काढली. प्रवासी येतात, जातात, पण त्यांनी विसरलेल्या छत्र्या कंट्रोलरच्या खोलीत साठत राहतात. किश्श्यांचंही तसंच आहे. ते गोळा करायला कुणी बसत नाही. चार म्हातारे आणि एक जाडजूड पुस्तक रोज सकाळी एका टेबलाभोवती बसवा, महिन्याभरात खोली भरते.

आमचं टेबल जळगावच्या मेहरूणमध्ये, रशीदभाईंच्या लेथ वर्कशॉपात. तलावाला फेरी मारून आम्ही साडेसातला तिथे टेकायचो आणि नऊला कारागीर यायच्या आत उठायचो. पुस्तक इंग्रजी, युद्धनौकांचा तांत्रिक इतिहास. त्यात नायक नाही, गोष्ट नाही, समुद्रावरचा सूर्यास्त तर औषधालाही नाही. बॉयलर, पत्र्याची जाडी, पंख्याचा व्यास आणि पानोपानी तक्ते. तरी आम्ही ते पहिल्या पानापासून वाचलं, जूनपासून दिवाळीपर्यंत. ते सगळं नानांमुळे.

नाना मूळचे शिंदखेड्याकडचे. अठराव्या वर्षी नौदलात गेले आणि पंधरा वर्षं एकाच जहाजाच्या बॉयलर-रूममध्ये राबले. मग जळगावात येऊन तेलगिरणीचा बॉयलर सांभाळला. जहाजाचं नाव मी इथे लिहीत नाही, नानांनी तशी शपथ घातली आहे.

हे जहाज कागदोपत्री सत्तावीस नॉटचं. नॉट म्हणजे समुद्रावरचा वेग. एका दुपारी भर समुद्रात वाफेचा पाइप फुटला आणि नानांचा जोडीदार कुट्टन भाजला. बंदर लांब होतं. कॅप्टनने वरून फोन केला आणि एवढंच विचारलं, "अजून किती देता?" नाना आणि आणखी तिघांनी बॉयलर मर्यादेबाहेर पेटवले आणि जहाज तीस नॉटने बंदराला लावलं. कुट्टन वाचला.

चाळीस वर्षं नाना ही हकिकत सांगत होते आणि चाळीस वर्षं लोक म्हणत होते, "हो का?" आमच्यात तर कुणी जरा फुगवून सांगितलं, की त्याला 'नानांची तीस' म्हणायची पद्धतच पडली होती. नाना हसायचे. पण मागच्या वर्षी नातीच्या लग्नात नवऱ्या मुलाचा एक काका भेटला, मोठ्या मालवाहू जहाजावरचा इंजिनिअर. त्याने पंगतीत सगळ्यांदेखत सांगितलं, "आजोबा, त्या जातीचं जहाज तीस करूच शकत नाही." पंगत हसली. नानांनी त्या दिवसानंतर हकिकत सांगणं बंद केलं. आम्हीही तो शब्द टाकला, पण उशिराच टाकला याची मला अजून लाज वाटते.

मग नानांच्या नाशिकच्या मुलीने हे पुस्तक पाठवलं. यात नानांचं जहाज आहे, म्हणजे तीस नॉटही असणार. पण तोवर नानांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आला होता. कडेचं दिसायचं, समोरचं अक्षर नाही. आणि दिवाळी झाली की मुलगी नानांना आणि त्यांच्या बायकोला, अक्कांना, कायमचं नाशिकला नेणार होती. त्याच्या आत जहाजापर्यंत पोचायचं, एवढंच आमचं काम.

* * *

पुस्तक आलं त्या दिवशी रशीदभाईंनी ते भंगार तोलायच्या काट्यावर ठेवलं. रशीदभाईंचा हात लागला की वस्तू आधी मोजली जाते, मग बघितली जाते. शर्टाच्या खिशात पेन नसतं, जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर असतो.

"दोन किलो तीनशे चाळीस," ते म्हणाले.

आमचे चौधरी सर फैजपूरचे, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. पुस्तक वाचून मराठीत सांगायचं काम त्यांचं. ते सहज म्हणाले, "म्हणजे अडीच किलो म्हणा की."

रशीदभाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "सर, बाकीचे एकशे साठ ग्रॅम मी कुठून आणू?"

* * *

नानांनी पहिल्याच दिवशी नियम घातला. "बठ्ठं वाचा सर. काहीच सोडू नका."

मी म्हटलं, "नाना, तुमचं जहाज चौदाव्या प्रकरणात आहे. थेट तिथेच जाऊ. मग वेळ उरला तर मागचं."

"पाइपच्या जोडाचे बोल्ट एकही न सोडता आवळतात," नाना म्हणाले. "मधला एक सोडून पुढे गेलं की गळती."

विषय संपला. मी निमूट वेळापत्रक केलं आणि खडूने वर्कशॉपच्या दारामागे लिहिलं. रोज पाच पानं, चौदावं प्रकरण दिवाळीच्या आठ दिवस आधी. एकतीस वर्षं वेळापत्रकं केलेल्या माणसाने केलेलं हे वेळापत्रक दुसऱ्याच दिवशी कोसळलं, कारण 'बठ्ठं' म्हणजे नानांच्या लेखी खरंच बठ्ठं. छापखान्याचा पत्ता वाचला. आभार वाचले. संक्षिप्त रूपांची अकरा पानांची यादी वाचली. प्रत्येक पानाखालच्या तळटिपा तर आधी वाचायच्या.

सर वैतागून म्हणाले, "नाना, खालचं बारीक टाइपातलं कुणीच वाचत नाही."

"खालचंच खरं असतं," नाना म्हणाले. "मी पंधरा वर्षं खालीच होतो."

* * *

एकदा सरांच्या घरी पाहुणे यायचे होते. त्या दिवशी नेमका तक्ता आला. चौतीस जहाजं, प्रत्येकाची लांबी, रुंदी, वजन, पत्र्याची जाडी. सरांनी चेहऱ्यावर काही न दाखवता मधल्या ओळी गाळल्या आणि पान उलटलं. मी पाहिलं, रशीदभाईंनी पाहिलं. दोघांनाही चहाची घाई होती, त्यामुळे गप्प बसलो.

नाना डोळे मिटून बसले होते. ते तसेच म्हणाले, "सर, सुरुवातीला चौतीस जहाजं म्हणालात. पंचवीसच झाली. नऊ कुठे बुडाली?"

सरांनी कान पकडले आणि पान मागे घेतलं. आयुष्यभर पोरांच्या वह्यांतली गाळलेली ओळ शोधणारा माणूस पकडला गेला होता, त्यामुळे त्यांनी ते फारच मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून सर वाचताना "इथे स्वल्पविराम आहे" हेही सांगायला लागले. आठवड्याने नानांनीच हात जोडून ते बंद करवलं.

* * *

वर्कशॉपच्या टेबलाला ग्रीस असतं. म्हणून सरांनी पुस्तकाखाली लाल कापड अंथरलं. पुस्तक जड, म्हणून ते लाकडी ठोकळ्यावर टेकवलं. सरांची वाचायची लय संथ आणि आम्ही तिघं माना खाली घालून ऐकणारे. वर्कशॉपचं शटर अर्धं वर. बाहेरून जाणाऱ्याला काय दिसत असेल, याचा विचार आम्ही केलाच नव्हता.

एका गुरुवारी पलीकडच्या गल्लीतल्या एक काकू चपला बाहेर काढून आत आल्या. पुस्तकाला हळद-कुंकू वाहिलं, खडीसाखरेची वाटी ठेवली आणि पदर घेऊन बसल्या. रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे. सरांना थांबता येईना, कारण नानांचा नियम. चिलखती पत्रा कसा तापवतात, कसा पाण्यात बुडवतात, किती इंचाला किती टन दाब, असं चाळीस मिनिटं चाललं.

संपल्यावर काकूंनी नमस्कार केला. "समाप्ती कधी?"

"अजून चारशे पानं आहेत," मी खरं ते सांगितलं.

"असू दे," काकू म्हणाल्या. "अर्थ नाही लागला, पण फार शांत वाटलं."

पुढे त्या दर गुरुवारी यायच्या. रशीदभाई त्यांच्यासाठी स्टूल पुसून ठेवायचे आणि खडीसाखर सगळ्यांत जास्त तेच खायचे.

* * *

पाचव्या प्रकरणात आम्ही अडकलो. जहाजावर वरच्या अंगाला फार तोफा चढवल्या की ते कलंडतं, हे सरांना पटेना. "एवढं अवाढव्य जहाज चार तोफांनी कसं कलंडेल?" रशीदभाई म्हणाले, करून बघू. नाना म्हणाले, पाणी हवं. सर म्हणाले, पाणी आमच्या पुतण्याकडे आहे.

सरांच्या पुतण्याचं फैजपूरला केळीचं पॅकहाऊस आहे. तिथे केळी धुवायचा लांबलचक हौद आहे. रविवारी आम्ही चौघं तिथे गेलो. घमेलं पाण्यावर सोडलं. तळाशी केळीच्या चार फण्या ठेवल्या, घमेलं स्थिर. मग वर फळी टाकून तिच्यावर फण्या रचत गेलो. रशीदभाई प्रत्येक फणीनंतर पट्टी लावून घमेलं किती बसलं ते मोजत होते. नाना कडेला बसून पाण्यात हात घालून लाटा करत होते. केळी धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले.

सातव्या फणीला घमेलं झुकलं, आठवीला उलटलं. सर टाळ्या वाजवत ओरडले, "पटलं, पटलं!"

पुतण्याने तेवढ्यात सरांच्या घरी फोन लावला होता. "काकू, काका आणि त्यांचे दोस्त घमेल्यात केळी भरून बुडवताहेत. आणि बुडली की टाळ्या वाजवताहेत. काय करू?"

पलीकडून चौधरी काकूंचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "काही करू नकोस. जेवायच्या वेळेला बाहेर काढ."

* * *

नानांच्या घरच्या अक्का एकदा बिबडे घेऊन वर्कशॉपात आल्या. ज्वारीचे पापड, तळहाताएवढे, काही तळलेले, काही कच्चे. अक्का कधी पुस्तकाजवळ बसत नसत. त्यांचं म्हणणं एकच, "चाळीस वरीस व्हयनात, तीस-तीस ऐकी ऱ्हायनू. आते पुस्तकमा पन तेच?"

रशीदभाईंनी एक न तळलेला बिबडा मागून घेतला. खिशातून कॅलिपर काढला. एका कडेला मोजला, दुसऱ्या कडेला मोजला, मधोमध मोजला. मग दुसरा बिबडा मोजला. मग कॅलिपर टेबलावर ठेवून म्हणाले, "माझ्या लेथवरसुद्धा एवढं एकसारखं निघत नाही. अक्का, प्रमाण काय?"

"लिखेल शे घर," अक्का म्हणाल्या. "यासनी आनेल एक जाड वही शे. कागद चांगला शे तिना."

नाना एकदम खोकायला लागले आणि म्हणाले, "वाचा सर, उशीर होतोय." आम्हाला वाटलं, खरंच उशीर होतोय.

* * *

ऑक्टोबरात सरांच्या भाचीचा धुळ्याला साखरपुडा निघाला आणि माझं वेळापत्रक आधीच सहा दिवस मागे होतं. मी म्हटलं, बसमध्ये वाचायचं. रशीदभाईंनी पुस्तक मांडीवर धरलं, सर वाचायला लागले. नानांना ऐकू यावं म्हणून मोठ्याने, आणि एक वाक्य इंग्रजी, एक मराठी.

एरंडोल मागे पडेपर्यंत लोक वळून वळून बघत होते. पारोळ्यापर्यंत त्यांनी बघणं सोडून ऐकायला सुरुवात केली. प्रकरण असं होतं, की एका जहाजाच्या इंजिन-रूममध्ये पाणी शिरलंय, पंप बंद पडलाय आणि खालची माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तो सोडवताहेत. मागच्या सीटवरचा एक मोटार रिवाइंड करणारा म्हणाला, "वॉशर गेला असंल." नाना मागे न वळता म्हणाले, "बरोबर. वॉशरच." कंडक्टर तिकिटाचं मशीन बंद करून दांड्याला टेकला.

धुळ्याच्या स्थानकात बस लागली. कुणी उठेना. बाहेरचे लोक दार वाजवायला लागले. एक बाई मेथीच्या जुड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांनीच खिडकीतून ओरडून सांगितलं, "थांबा वो जरा, पंप चालू होऊ द्या!"

तेवढ्यात कंट्रोलर आला. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा, आता पन्नाशीचा. त्याने मला पाहिलं आणि मनगटावरचं घड्याळ दाखवलं. मी जन्मभर उशिराची बस सोडणाऱ्यांवर लाल शेरे मारले आहेत. त्याला म्हटलं, "दोन मिनिटं."

पंप चालू झाल्यावरच बस रिकामी झाली. तो पोरगा अजून भेटला की म्हणतो, "साहेब, ती दोन मिनिटं रजिस्टरात काय कारण लिहून दाखवू?"

* * *

चौदावं प्रकरण दिवाळीच्या चार दिवस आधी उघडलं. त्या सकाळी गुरुवार नसूनही पलीकडच्या गल्लीतल्या काकू आल्या. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रशीदभाईंनी लेथवर टाकायचं कापड आदल्या संध्याकाळीच धुतलं होतं.

प्रकरणात नानांच्या जहाजावर एक परिच्छेद असेल, निदान चार ओळी असतील, असं आम्हाला वाटलं होतं. तक्त्यातली एक ओळ होती. लांबी, वजन, बॉयलर किती, आणि कमाल वेग. सरांचा आवाज तिथे खाली आला. "ट्वेंटी सेव्हन. सत्तावीस."

मग नाना म्हणाले, "आकड्यावर नंबर आहे का? तळटीप?"

होती. सरांनी ती आधी मनात वाचली, जे त्यांनी कधीच केलं नव्हतं. मग मोठ्याने वाचली. एकदा या जहाजाने बराच अधिक वेग गाठला, असं काही जुने खलाशी सांगतात. मात्र त्या काळातलं इंजिन-रूमचं रजिस्टर सापडलेलं नाही, त्यामुळे या म्हणण्याला आधार नाही.

"कोन सांगतस असं?" नानांनी विचारलं. नाना आमच्याशी घरची बोली फार कमी बोलायचे.

"नावं दिलेली नाहीत."

नाना उठले. काठी शोधली. "आते बस," म्हणाले आणि चहा न घेता गेले. मी सोबत निघालो तर हातानेच नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. आम्ही तिघं टेबलापाशी बसायचो आणि पुस्तक मिटलेलंच असायचं. मला त्या लेखकाचा राग येत होता, पण खरं सांगायचं तर त्याने आमच्याहून वेगळं काही म्हटलं नव्हतं. आम्हीही चाळीस वर्षं "हो का?" एवढंच म्हटलं होतं.

* * *

दिवाळीच्या आदल्या दिवशी शटर पुरतं वर व्हायच्या आत अक्का आल्या. मागे नाना, खाली मान घालून. अक्कांनी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर आपटलं. जाड पुठ्ठ्याचं, निळ्या कापडी पाठीचं रजिस्टर.

"यासनी झोप उडी गई," अक्का म्हणाल्या. "मंग मीच काढं फडताळमाईन."

हळूहळू उलगडलं. जहाज मोडीत निघालं तेव्हा जुनी रजिस्टरं पोत्यात भरून जाळायला नेत होते. नानांनी त्यातून त्या दुपारचं आपलं रजिस्टर काढून घेतलं होतं, पुरावा म्हणून. घरी आल्यावर कुणीतरी सांगितलं, सरकारी कागद आहे, कळलं तर पेन्शन बंद होईल. मग तो पुरावा दाखवायचीही चोरी झाली. नानांनी ते अक्कांना लपवायला दिलं आणि अक्कांना त्याची मागची कोरी पानं आवडली. ज्या रजिस्टरावाचून तीस खोटी ठरली होती, ते चाळीस वर्षं नानांच्याच स्वयंपाकघरात होतं.

"नाना, पेन्शनचं?" मी विचारलं.

उत्तर अक्कांनी दिलं. "गई ते गई पेन्शन. हाऊ मानूस खोटा नही शे."

सरांनी हात धुऊन रजिस्टर उघडलं. पुढून नानांचं तरुण, टोकदार इंग्रजी अक्षर. दर तासाला एक ओळ, वाफेचा दाब, पाण्याची पातळी, पंख्याच्या शाफ्टचे फेरे, आणि शेवटच्या रकान्यात वर कॅप्टनच्या ब्रिजवरून फोनवर कळवलेला वेग. मागून अक्कांचं अक्षर. बिबडे, कैरीचं लोणचं, पुन्हा लोणचं. आणि त्या लोणच्याचं तेल मागच्या पानांतून पुढच्या पानांत झिरपत आलेलं.

"ती दुपार," नाना म्हणाले. "तीन वाजताची ओळ. बठ्ठं वाचा."

सरांनी बोट ठेवून वाचलं. दाब वाचला. रशीदभाईंनी तो ऐकून नुसता श्वास घेतला. पाण्याची पातळी वाचली. शाफ्टचे फेरे वाचले. मग सरांचं बोट शेवटच्या रकान्यावर गेलं. मी त्यांच्या खांद्याजवळ होतो. तिथे तेलाचा रुपयाएवढा पिवळा डाग होता आणि डागाखाली शाई पसरून गेलेली. आकडे किती होते, तेही मला सांगता आलं नसतं.

स्वल्पविरामसुद्धा न सोडणाऱ्या चौधरी सरांनी घसा साफ केला.

"थर्टी," ते म्हणाले. "तीस."

अक्का पदराचा काठ बोटाला गुंडाळत होत्या. मग नानांनी मान वळवली, डोळ्यांच्या कडेने दिसेल तेवढं बघायला वळवायचे तशी. "सर चांगले मानूस शेत," ते म्हणाले. "रशीदभाई, तुम्ही बघा."

रशीदभाईंनी चष्मा काढला. टूलची धार तपासायचं भिंग असतं ते ड्रॉवरमधून आणलं. रजिस्टर उचलून शटरजवळच्या उजेडात नेलं. भिंग डागावर धरलं, थोडं वर घेतलं, पुन्हा खाली आणलं. बराच वेळ गेला. सर टेबलाकडे बघत होते. मी रशीदभाईंच्या तोंडाकडे.

"तीस नाही, नाना," रशीदभाई म्हणाले.

त्यांनी भिंग रुमालाने पुसून खिशात टाकलं, कॅलिपरच्या शेजारी.

"तीस पॉइंट दोन."